तुझ्या वडाची प्रकृती आता बरी आहे

गिरीज, वसई (प.)
२ नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस

आदरणीय बॅप्टिस्ट दादा,

धाकट्या सेबेस्टियनचा नमस्कार. प्रभूच्या कृपेने इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, एक जण सोडून, आणि हे पत्र त्याच्याबद्दलच आहे. तुझा उजवा गुडघा कॅनडाच्या थंडीत काय म्हणतो ते कळव. डेरिकला, सूनबाईला आणि बाळाला आमचा आशीर्वाद. शेजारच्या स्टॅनीची मेलिसा दहा तारखेला टोरांटोला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि तुझी भावजय ज्युलिएट हिने केलेला मसाला पाठवतो आहे. सुके बोंबीलही बांधले होते, पण मेलिसाने ते बघितले, वास घेतला आणि विमानात तिच्या शेजारी कोण बसेल ते आम्हाला समजावून सांगितलं. तेव्हा बोंबील आम्हीच खाल्ले.

फोन असताना पत्र कशाला, असं चौतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस विचारणार नाही, तरी कारण सांगतो. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस (लहानपणीही देत नव्हतास), आणि व्हिडिओवर तुझा चेहरा समोर आला की मी खोटं बोलतो. गेले पाच महिने दर रविवारी बोललो आहे. आज सकाळी दफनभूमीत रोझलीन वहिनींच्या थडग्यावर फुलं घातली, तुझ्या नावाची मेणबत्ती वेगळी लावली, आणि तिथे उभा असताना मला वाटलं की वहिनींना सगळं दिसतं आहे, तर निदान तुला तरी कळवून टाकावं.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. सप्टेंबरात डेरिकचा फोन आला होता. पप्पा आता इथेच राहतील, त्यांची कागदपत्रं सुरू केली आहेत, घर बंद ठेवून वाळवी लागण्यापेक्षा भाड्याने देऊ, तुळिंजचा एक दलाल येईल, त्याला किल्ली द्या, असं म्हणाला. मी बरं म्हटलं. मुलगा बापाला जवळ ठेवून घेतो आहे, त्यात काकाने काय बोलायचं. (किल्ली त्याच सुमारास गहाळ झाली हे वाईट झालं. ज्युलिएट तेव्हापासून रोज संत अंतोनीची प्रार्थना करते आहे.) तू स्वतः याबद्दल मला एक शब्द बोलला नाहीस. मीही विचारलं नाही, आणि या पत्रातही विचारणार नाही. हे पत्र फक्त झाडाबद्दल आहे.

तुझं ते झाड मला पहिल्यापासून पसंत नव्हतं, हे आधी नोंदवून ठेवतो. वहिनी गेल्यावर तू वर्षभर ओट्यावर नुसता बसून असायचास, तेव्हा तुला कोणीतरी पॅरिश हॉलमधल्या दोन दिवसांच्या बोन्सायच्या वर्गाला पाठवलं. (कोणीतरी म्हणजे ज्युलिएटने. मी विरोधात होतो.) तिथून आलास तो थेट विहिरीपाशी गेलास आणि कठड्याच्या फटीतलं वडाचं रोप काढू लागलास. असली रोपं बाबा दर मे महिन्यात उपटून फेकायचे, त्यांच्यामागे मी फेकतो. ते तू तासभर घाम गाळून मुळासकट काढलंस आणि साबणदाणीपेक्षा थोड्याशाच मोठ्या थाळीत लावलंस. दादा, मी पन्नास वर्षं वाडी केली. केळी, माड, चिकू, पानवेल, सगळं माझ्या हाताखालून गेलं. तू ऑफिसात होतास, तुझ्या हातात कधी कोयता आला नाही, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी तू वडाला थाळीत उभा करतोस, त्याला तारेने गुंडाळतोस, आणि मला म्हणतोस, याला जास्त खायला घालायचं नसतं. वडाला. मला तुझा राग आला नाही. झाडाची दया मात्र आली, आणि पुढचं सगळं त्या दयेतून झालं.

एप्रिलच्या शेवटी तू निघालास, तेव्हा टॅक्सी दारात उभी असताना तू मला ती वही दिलीस. चौदा नियम, प्रत्येकाला नंबर, खाली तारीख आणि सही, झाडाच्या पानांची संख्या त्रेचाळीस, वर वर्गाच्या बाईंचा फोन नंबर. मी वही घेतली आणि वाचली नाही. झाडाबद्दल मला पोस्टमास्तरने लिहून द्यावं, हे माझ्या मनाला लागलं होतं. दोन महिने त्या वहीवर मी चष्मा ठेवत होतो.

तू विमानात असशील तेवढ्यात मी तारा काढल्या. बांधलेलं झाड मला बघवेना. पक्कड घेतली आणि ओढून काढल्या, तेव्हा दोन फांद्यांची साल बरोबर आली. (नियम तिसरा: तार ओढून काढू नये, तुकडे करून काढावी. हे मी जुलैमध्ये वाचलं.) मग पावसाच्या आधी आपण वाडीला मासळीचं खत घालतो, तसं यालाही घालावं असं ठरवलं. अर्नाळ्याची मनोरमा, जी वहिनी असल्यापासून आपल्याकडे मासळीची पाटी घेऊन येते, तिला विचारलं. ती म्हणाली, "घाल की, सुकलेला माड पन उठतंय यानं." माडाला आपण पाटीभर घालतो. मी दोन मुठी घातल्या, म्हणजे माझ्या हिशेबाने त्याला उपासच होता. पण थाळीत मातीच तीन मुठी, हे माझ्या ध्यानात आलं नाही. दोन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, अंगी लागतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून पडलो असताना मांजर आली. कुठली मांजर हे तुला सांगायला हवंच असं नाही. वहिनी जिला रोज बांगड्याचं डोकं घालायच्या, तीच. ओट्यावर वास आला, तिने थाळीत माशाचा शोध घेतला, आणि मासा मिळेना तेव्हा खोलवर घेतला. आवाजाने उठून गेलो तर थाळीचे तीन तुकडे, झाड पायरीवर आडवं, मुळं वर, आणि मांजर बाजूला बसून पाय चाटते आहे. तिला मारायला चप्पल उचलली होती. पण वहिनींची मांजर, हात उठेना. मी तिला नुसतं तिच्या नावाने हाक मारली आणि ती निघून गेली. त्या दिवशी मला वहिनींची फार आठवण आली. त्या असत्या तर आधी मला बोलल्या असत्या, मग मांजरीला, आणि मग आम्हा दोघांना जेवायला वाढलं असतं.

झाडाला घर हवं म्हणून ज्युलिएटचं दही लावायचं मातीचं पसरट भांडं घेतलं. दह्याच्या भांड्याला खाली भोक नसतं, हे कोणीही सांगेल. मला त्या घटकेला कोणी सांगितलं नाही. चांगली वाडीतली काळी माती भरली, झाड लावलं, आणि घाबरलेल्या जिवाला पाणी द्यावं म्हणून सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दिलं. पाणी भांड्यात राहिलं. त्रेचाळीसची तीस पानं झाली, तिसाची बारा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन. ज्युलिएटने संत अंतोनीची प्रार्थना पहिल्यांदा तेव्हा धरली. मी म्हटलं, तो हरवलेल्या वस्तूंचा संत आहे, झाड कुठे हरवलंय. ती म्हणाली, पानं हरवलीत ना. (आता किल्लीही त्याच्याकडेच आहे. त्याच्यावर कामाचा भार फार झाला आहे.)

आता रविवारचं सांगतो. चर्चमधून मिस्सा आटोपून आलो की तुझा फोन यायचा आणि तुझं पहिलं वाक्य, झाड दाखव. दोन पानांचं झाड मी तुला कसं दाखवणार होतो. शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या मोठ्या वडाची एक डहाळी कापून आणली, फुटक्या थाळीचे तुकडे चिकटवून त्यात खोचली आणि रविवारी लांबून दाखवली. रेंज नाही, असंही म्हटलं. तू चष्मा लावून बघितलंस आणि तब्येत चांगली आहे म्हणालास, पण डावीकडचं मोठं पान काप म्हणालास. मी कापलं. पुढच्या रविवारी नवी डहाळी, पुन्हा तू म्हणालास, वरची दोन काप. मी कापली. आजपर्यंत मी तुझ्या सांगण्यावरून वीस डहाळ्यांची केशरचना केली आहे. तो मोठा वड माझ्या बाजूने आता जरा उघडा दिसतो. पंचायतीच्या वेळेपासून उभं असलेलं झाड, त्याचीही मी माफी मागतो.

शेवटी दोनातलं एक पान पिवळं पडलं, तेव्हा मी चष्मा उचलला आणि वहीवरचा नंबर लावला. बाई म्हणाल्या, घेऊन या. बाई म्हणजे मनवेलपाड्याची स्वप्नाली, वय तिशीच्या आत, चौथ्या मजल्यावर राहते, आणि तिच्या एवढ्याशा गॅलरीत आपल्या अख्ख्या वाडीपेक्षा जास्त जातीची झाडं आहेत. मी झाड मांडीवर घेऊन गिरीजहून रिक्षा केली. कोणता दिवस आहे हे मी बघितलं नव्हतं. तिच्या इमारतीच्या आवारात शिरलो तर नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या बायका हातात पूजेची ताटं घेऊन उभ्या. वटपौर्णिमा होती. त्यांनी मागवलेली वडाची फांदी आली नव्हती आणि मुहूर्त टळत चालला होता, आणि अशा वेळी रिक्षातून एक म्हातारा मांडीवर वड घेऊन उतरला.

मी त्यांना सांगितलं की झाड आजारी आहे. मी कॅथलिक आहे, हेही सांगितलं. त्यांचं कशालाच काही म्हणणं नव्हतं. वॉचमनने खुर्ची दिली, मी बसलो, झाड मांडीवर तसंच, कारण खाली ठेवलं तर चिखल होता. मग अकरा बायका दोऱ्याची गुंडी घेऊन माझ्याभोवती सात फेरे फिरल्या. दादा, मी सदुसष्ट वर्षांचा आहे, आणि माझ्याभोवती आजवर कोणी एक फेरा घातला नव्हता. मी टोपी काढून गंभीर बसून होतो, प्रार्थना कोणाचीही असो. एका आजीबाईंनी शेवटी वाकून त्या एका पानाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही सात जन्म मागतोय, पण याला हा एक तरी निभावू दे." त्यांनी त्याच्यासाठी वेगळा हात जोडला. मला त्या बाईंचे उपकार विसरता येणार नाहीत.

स्वप्नाली खाली आली ती मला बघून म्हणाली, "या काका, गिरीजचे ना?" (मला वाटलं, चिखलाच्या चपलांवरून ओळखलं.) वर नेऊन तिने झाड दह्याच्या भांड्यातून काढलं, मुळं धुतली, कुजलेली कापून टाकली. जी राहिली ती माझ्या मिशीएवढी होती. मग तिने खोडाची साल नखाने एवढीशी खरवडली आणि मला जवळ बोलावलं. आत हिरवं होतं. ती म्हणाली, "आहे अजून." मी गॅलरीत जाऊन जरा उभा राहिलो. मोठ्या माडांवर वीज पडलेली मी कोरड्या डोळ्यांनी बघितली आहे, आणि त्या हिरव्या रेघेने माझे डोळे भरून आले, हे तुला लिहून ठेवतो, तोंडावर सांगणार नाही.

तिने नव्या थाळीत, खडबडीत मातीत झाड बसवलं, वर प्लास्टिकची पिशवी तंबूसारखी बांधली. मी विचारलं, आता काय करायचं. ती म्हणाली, काही नाही. मी विचारलं, खत. नाही. मी म्हटलं, मग मी काय करू. ती म्हणाली, "काका, तुम्ही काहीच करायचं नाही, हेच औषध आहे." वाडीवाल्याला यापेक्षा कठीण काम कोणी दिलेलं नसेल. झाड तुझ्या ओट्यावर सावलीत ठेवलं आणि मी माझे हात खिशात ठेवले. तीन आठवडे गेले, काही नाही. महिना गेला, काही नाही. ते शेवटचं पानही पडलं. माझे हात इतके शिवशिवायचे की मी ज्युलिएटची भाजी निवडून द्यायला लागलो.

आणि करायला काही नसल्यामुळे मी तुझी वही वाचली. पहिल्यापासून, बोट ठेवून. दादा, नियम चांगले आहेत. मी वाचले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. अकरावा मला पाठ झाला आहे: कुंडी बदलल्यावर झाड जागचं हलवू नये, हलवायचंच झालं तर मी हलवीन. आणि चौदावा मी दोनदा वाचला: संध्याकाळी सहाला झाडाजवळ थोडा वेळ बसावे, याने झाडाला काही होत नाही. त्या दिवशी सहाला मी तुझ्या ओट्यावर जाऊन बसलो. पूर्वी आपण तिथेच बसायचो. तू पेपरातल्या मयतांच्या बातम्या मोठ्याने वाचायचास, मी माणूस कोण ते सांगायचो, मग त्याच्या बापाच्या नावावरून आपलं भांडण व्हायचं. आता पेपर मी वाचतो आणि बाप कोणाचा कोण, हे मीच ठरवतो. कोणी चूक काढत नाही. ज्युलिएटशी भांडता येतं, पण ती जिंकते, आणि त्यात वेळ जात नाही. मला करमत नाही, दादा. हे झाडाबद्दलच्या पत्रात यायला नको होतं, पण शाईने लिहितोय, खोडत नाही.

पंधरा ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, मिस्सावरून येऊन बघतो तर खोडाच्या वरच्या डोळ्यातून लाल टोक आलं होतं, तांदळाएवढं. मी ज्युलिएटला हाक मारली. ती मेणबत्ती घेऊनच आली. मनोरमा पाटी उतरवून बघून गेली आणि म्हणाली, "बघ, मी बोललू नवतू, उठल." आज झाडाला अकरा पानं आहेत, मी स्वतः मोजली. तार लावलेली नाही. वटपौर्णिमेचा दोरा खोडाला अजून आहे, तो स्वप्नाली म्हणते राहू दे. मांजर ओट्यावर येते, पण झाडापासून हातभर लांब बसते. तेव्हा तू काळजी करू नकोस, तिकडे सुखाने राहा, नातवाला खेळव, गुडघ्याला तेल लाव. झालेल्या सगळ्याची मनापासून माफी मागतो. डेरिकला सांग, काका रागावलेला नाही.

तुझा धाकटा,
सेबेस्टियन

ता. क. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात स्वप्नालीचा फोन आला. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं की तुला जूनपासून सगळं ठाऊक आहे. पहिल्याच रविवारी तू माझ्या डहाळीची पानं मोजलीस, ती एकसष्ट भरली, आणि तू लगेच तिला फोन केलास की माझा भाऊ येईल, लाजत येईल, त्याला रागावू नकोस. म्हणजे मी वरची चार पानं कोणासाठी लिहिली, आणि तू वीस रविवार मला ते पान काप, हे पान काप, असं कशासाठी सांगत होतास? पत्र फाडणार होतो. ज्युलिएट म्हणाली, राहू दे, भाऊजींना हसू येईल. तुला हसू आलं तर मला कळव.

ता. क. स्वप्नाली असंही म्हणाली की तू तिला दर आठवड्याला झाडाचं विचारतोस आणि शेवटी माझं विचारतोस. दलाल तीन वेळा येऊन गेला. माणूस वाईट नाही. तिन्ही वेळा तुझ्या ओट्यावर बसून चहा प्याला आणि झाडाचं कौतुक केलं.

ता. क. संत अंतोनीला मी आज मोकळं केलं आणि ज्युलिएटला खरं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण तिने किल्ली काढूनही घेतली नाही. किल्ली हरवलेली नाही. ती सप्टेंबरपासून वडाच्या थाळीखाली आहे, मी ठेवली. ठेवताना थाळी जराशी कलली, तेवढा तुझा नियम मोडला. आता ती काढायची तर झाड हलवावं लागेल, आणि ते माझ्या हातात नाही. हलवायचंच झालं तर मी हलवीन, असं तुझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.